शेवटच्या प्रभारी

बाईंना प्राचार्यपद मिळालं, त्याचा कर्तबगारीशी काही संबंध नव्हता. मिळालं म्हणण्यापेक्षा गळ्यात पडलं. आधीच्या प्राचार्यांनी एका सोमवारी प्रकृतीच्या कारणावरून राजीनामा दिला आणि दीड महिन्यात ते शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या कॉलेजात 'विस्तार सल्लागार' म्हणून रुजू झाले. प्रकृती ठणठणीत होती. तिथले जिने ते दोन-दोन पायऱ्या गाळत चढतात, असं पाहून आलेल्यांनी सांगितलं. इकडे कालव्याकाठच्या छोट्या कॉलेजात खुर्ची रिकामी, आणि तिच्यात बसायला कुणी तयार होईना.

पहिला मान उपप्राचार्यांचा होता. ते अर्थशास्त्र शिकवायचे. कुणी काहीही म्हटलं की "बरोबर आहे, अगदी बरोबर आहे" म्हणायची त्यांना इतकी सवय होती, की शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना मागे होयबा म्हणत. आयुष्यात पहिल्यांदा ते 'नाही' म्हणाले ते या खुर्चीला. त्यानंतरचा नंबर बाईंचा. बाई सत्तावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवत होत्या आणि त्यांना कुठलीच गोष्ट नीट नाकारता येत नसे, कारण नाकारताना त्या समोरच्याला चार शब्द सुनवायच्या आणि त्या भरात मूळ नकार राहूनच जायचा. तसंच झालं. अध्यक्षांच्या दालनात त्यांनी संचालक मंडळाच्या दूरदृष्टीची दहा मिनिटं सालटी काढली, आणि बाहेर आल्या त्या प्रभारी प्राचार्य होऊन.

विद्यार्थी त्यांना करवत म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. पहिल्या वर्षाच्या एका मुलीने पेपरात नेच्याच्या फुलांचं रसभरीत वर्णन केलं होतं, तेव्हा बाईंनी समासात लिहिलं होतं, "नेच्याला फुलं येत नाहीत. तुमच्या कल्पनेला मात्र बारमाही बहर आहे." तो कागद पुढे दहा वर्षं वसतिगृहात फिरत होता.

कॉलेज मरायला टेकलं होतं, याबद्दल बाईंच्या मनात काही शंका नव्हती. एके काळी साडेसहाशे विद्यार्थी होते, आता दोनशे चौदा उरले होते. तीन मजली इमारतीतली लिफ्ट बंद पडून इतकी वर्षं झाली होती, की नव्या मुलांना ते कपाट वाटायचं. ग्रंथालयाच्या कालव्याकडच्या भिंतीला ओल होती आणि त्या बाजूची तत्त्वज्ञानाची पुस्तकं फुगून एकमेकांना चिकटली होती. ती कुणी मागत नसल्यामुळे दोन वर्षं हे कळलंच नाही. शिक्षकांपैकी निम्मे वीस वर्षांपूर्वीच्या पिवळ्या वह्या वाचून दाखवत. एकाने तर अशा देशाची राजधानी शिकवली होती, जो देशच आता नकाशावर नव्हता. हे सगळं बुडालं तर जगाचं काय अडणार आहे, असं बाई नवऱ्याला संध्याकाळी विचारायच्या. नवरा निवृत्त भूमापक. शेजाऱ्यांच्या कुंपणांची भांडणं ऐकण्यात त्यांची नोकरी गेली होती, त्यामुळे उत्तर न देता ऐकण्याची कला त्यांना चांगली साधली होती.

त्या वर्षी अध्यक्षांनी बाईंना बोलावून मोठ्या कॉलेजात होणाऱ्या विलीनीकरणाची बातमी दिली. अध्यक्षांचं फर्निचरचं दुकान होतं आणि कॉलेज त्यांना आजोबांकडून दुकानाबरोबर मिळालं होतं. दोन्हींतला कुठला माल खपतो, हे त्यांना कळत होतं. ते भावुक होऊन म्हणाले, की हा दोन नद्यांचा संगम आहे. बाई म्हणाल्या, की नदी समुद्रात जाते त्याला कुणी संगम म्हणत नाही. अध्यक्ष हसले. बाईंच्या बोलण्यावर हसून पुढे जायचं, हे ते कधीच शिकले होते.

पहिल्या परिपत्रकात नाव राहणार होतं, इमारत राहणार होती, माणसं राहणार होती. तीन महिन्यांनी दुसरं आलं, त्यात कॉलेजचं नाव जाऊन 'कालवा शाखा' झालं. तिसऱ्यात 'परिसर क्रमांक दोन'. चौथ्यात कालव्याकाठच्या परिसराचं कार्य 'टप्प्याटप्प्याने स्थलांतरित' होणार होतं, आणि खाली बारीक अक्षरांत पुढच्या वर्षीची तारीख होती. बाईंनी चारही कागद ओळीने टेबलाच्या काचेखाली सरकवले. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या ते दाखवत. होयबांनी ते पाहून, बरोबर आहे, म्हटलं. काय बरोबर आहे, हे बाईंनी विचारल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि तासाला गेले.

मग मोठ्या कॉलेजने नेमलेला एक सल्लागार आला. तिशीतला, गडद निळ्या कोटातला, फार नम्र. दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात दुपारी दोन वाजता सगळ्यांना बसवून त्याने पडद्यावर चित्रं दाखवली. मथळा होता, 'उत्कृष्टतेकडे एकत्र प्रवास'. खाली हिरवळीवर बसून हसणारी आठ मुलंमुली. कालव्याकाठी हिरवळ नव्हती. सिमेंटचा चौक होता आणि त्यात सायकली.

"ही मुलं कोण?" बाईंनी विचारलं.

"प्रातिनिधिक आहेत, मॅडम."

"आमची दोनशे चौदा आहेत. त्यातलं एकही प्रातिनिधिक निघालं नाही?"

मागच्या रांगेत खसखस पिकली. सल्लागाराने मान तुकवून पुढचं चित्र लावलं. त्यात 'मानवी संसाधनांचं सुसूत्रीकरण' असं होतं आणि बाण होते. बाईंनी याचा अर्थ विचारला. त्याने सांगितलेला अर्थ मूळ शब्दांहून लांब होता. मग बाई उठून उभ्या राहिल्या. काढणार, हा चार अक्षरांचा शब्द आहे, त्यासाठी तुम्हाला चौदा अक्षरं लागली, असं त्या म्हणाल्या. आणि सगळे हसत होते म्हणून, केवळ हसत होते म्हणून, त्यांनी आणखी एक वाक्य बोलून टाकलं. या कोटाची बटणं सोडली तर आत माणूस सापडेल की आणखी एक कोट, असा प्रश्न पडतो, असं ते वाक्य होतं. सभागृह कोसळलं. होयबासुद्धा रुमालाआड हसले. सल्लागाराने पाण्याचा घोट घेतला आणि पुढचं चित्र लावलं.

त्या दिवशी बाई बस सोडून चालत घरी गेल्या. इतक्या वर्षांत इतकं छान वाटलं नव्हतं.

अकरा दिवसांनी यादी आली. कुणाला मोठ्या कॉलेजात घ्यायचं आणि कुणाला नाही, याची. शिक्षक जवळजवळ सगळे होते, पिवळ्या वह्यांसकट. ज्यांच्यापुढे रेघ मारली होती अशी तीन नावं होती, दोन त्याच वर्षी निवृत्त होणाऱ्यांची, आणि त्यांच्या वर पहिलं दादांचं. दादा म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले सहायक. बावन्न वर्षांचे, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, बोलणं बेताचं. तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत लोखंडी कपाटांमध्ये सहा हजार वाळवलेली रोपं कागदांवर चिकटवून ठेवलेली होती. बाईंच्या आधीच्या दोन पिढ्यांनी आणि बाईंनी डोंगरदऱ्या तुडवून ती जमवली होती. चोवीस वर्षं दादा ती सांभाळत होते. डांबराच्या गोळ्या बदलायच्या, कसर लागली का पाहायचं, सुटलेली पानं परत डकवायची. बाईंनी नुसतं झाडाचं नाव घेतलं, की दादा कपाटाचा खण सांगत. निवृत्तीला सहा वर्षं उरलेली, घरी अंथरुणाला खिळलेली आई.

दादांनी यादी वाचली, चष्मा काढला, एवढंच विचारलं, "माझंच नाव का, बाई?"

 उत्तर बाईंना हेडक्लार्कने दिलं, नंतर, दार लोटून घेऊन. त्या दिवशी तुम्ही त्या कोटवाल्याला भर सभेत फार लागेल असं बोललात, त्याने तुमच्याच खात्याचा माणूस उडवला, सगळे हेच म्हणतायत. हेडक्लार्क हे बोलला तेव्हा त्याच्या आवाजात सहानुभूती होती आणि थोडी मजाही.

बाईंनी घरी आल्यावर नवऱ्याला काही सांगितलं नाही. सांगितलं रविवारी सकाळी, मुलीला, फोनवर. मुलगी दूरच्या शहरात अशाच एका सल्लागार कंपनीत होती आणि मायलेकींचं बोलणं बहुधा हवामान आणि सांधेदुखी यांवर चालायचं, कारण बाकी विषय धोक्याचे होते. मुलीने सगळं ऐकून घेतलं.

"आई, तू बोलतेस आणि टाळ्या तुला मिळतात. भोगतं नेहमी दुसरंच कुणीतरी."

"नेहमी म्हणजे?"

"मी वसतिगृहातून तुला पत्र लिहिलं होतं, घरची आठवण येते म्हणून. तू ते लाल शाईने तपासून परत पाठवलं होतंस."

बाईंना ते पत्र आठवत होतं. अकरा चुका होत्या. त्या वेळी तो विनोद होता, निदान बाईंच्या बाजूने. त्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ गॅलरीतल्या कुंड्यांतली वाळकी पानं खुडत बसल्या, नंतर न वाळलेलीही.

मंगळवारी त्या माफी मागायला गेल्या. सल्लागाराची कचेरी काचेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर होती. बाहेर चाळीस मिनिटं बसावं लागलं, तेवढ्या वेळात त्यांनी मनातल्या मनात माफीचं वाक्य तीनदा सुधारलं. त्यातला उपहास काढत काढत शेवटी फारच थोडं उरलं. आत गेल्यावर त्यांनी ते म्हणून टाकलं. त्या दिवशी मी जे बोलले ते बोलायला नको होतं, त्याचा राग माझ्यावर काढा, दादांवर नको.

सल्लागार गोंधळून त्यांच्याकडे पाहत राहिला. "मॅडम, कुठल्या दिवशी?"

बाईंनी आठवण करून दिली. कोटाचं वाक्य स्वतःच्या तोंडाने पुन्हा सांगावं लागलं, आणि रिकाम्या खोलीत ते अगदीच पोरकट वाटलं.

"असं काही झालं होतं का?" तो मनापासून म्हणाला. "त्या महिन्यात आम्ही नऊ संस्था केल्या. तुमची कुठली, तेसुद्धा मला फाइल बघून सांगावं लागेल."

मग त्याने खरंच फाइल पाहिली, आणि बाईंचं समाधान व्हावं म्हणून पडदा त्यांच्याकडे वळवला. यादीवर तारीख होती. सभेच्या दीड महिना आधीची. प्रत्येक नावापुढे शेरा होता आणि खाली तयार करणाऱ्याचं नाव होतं, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढणाऱ्या माजी प्राचार्यांचं. दादांपुढचा शेरा होता, 'पर्यायी उपयोग नाही'. ज्या माणसाने माजी प्राचार्यांच्या मुलीला शाळेच्या प्रदर्शनासाठी दोन रात्री जागून पानांचा तक्ता करून दिला होता, त्या माणसाबद्दल हा शेरा.

बाईंना आधी सुटल्यासारखं झालं. आपल्यामुळे नाही झालं. आणि लगेच त्या सुटकेची लाज वाटली, कारण दादांची नोकरी गेलीच होती, ती कुणामुळे गेली याने दादांना काय फरक पडत होता? आणि सगळ्यात खाली, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, त्यांना अपमान वाटला. सत्तावीस वर्षांतलं त्यांचं सगळ्यात धारदार वाक्य त्या कोटावर साधा ओरखडाही न काढता गळून पडलं होतं.

निघताना सल्लागार सहज म्हणाला, की बाकी सगळं झालंय, संलग्नता सोडण्याच्या अर्जावर तेवढी तुमची सही राहिलीय, ती लवकर पाठवा, म्हणजे विद्यापीठाकडे जाता येईल.

बाई दारात थांबल्या. "माझी कशाला? मी प्रभारी आहे."

"चालतं, मॅडम. कार्यरत प्राचार्य हवेत, एवढंच."

घरी गेल्यावर बाईंनी विद्यापीठाचे परिनियम काढले आणि नवऱ्यापुढे ठेवले. भूमापकाने आयुष्यात तळटीपांवर जितकं प्रेम केलं होतं तितकं क्वचितच कशावर केलं असेल. त्यांनी भिंग घेऊन दोन दुपारी तो ग्रंथ वाचला आणि पानाच्या तळाशी बोट ठेवलं. कार्यरत प्राचार्याच्या स्वाक्षरीशिवाय अर्ज ग्राह्य धरला जाणार नाही, कार्यरत या शब्दात प्रभारी अंतर्भूत. गेले आठ महिने ज्या शब्दाची सगळे थट्टा करत होते, आणि सगळ्यांत जास्त बाईच करत होत्या, तो शब्द.

त्यांनी सही केली नाही. अध्यक्षांना पत्र लिहिलं, दोन अटींचं. दुसऱ्या वर्षाची जी मुलं आता तिसऱ्या वर्षाला जातील, त्यांना शेवटचं वर्ष याच इमारतीत, याच शिक्षकांकडे पुरं करू द्यायचं. आणि दादांना निवृत्तीपर्यंत मोठ्या कॉलेजात नोकरी. कॉलेज वाचवा, असं त्या पत्रात कुठेही नव्हतं. ते वाचण्याच्या लायकीचं राहिलं नव्हतं, असं बाईंचं मत होतं आणि सही अडवून धरल्यामुळे त्यात बदल झाला नव्हता.

एकाएकी बाईंची किंमत वाढली. अध्यक्ष स्वतः तिसऱ्या मजल्यापर्यंत जिने चढून आले, धापा टाकत रोपांची कपाटं पाहिली आणि मोठ्या कॉलेजच्या नव्या उद्यानाला बाईंचं नाव देण्याची कल्पना मांडली. बाईंनी विचारलं, की त्या उद्यानाचं पुढच्या परिपत्रकात काय होईल. मग दम आला. बाई हट्टी आहेत, बाई वयामुळे चिडचिड्या झाल्यात, असं गावभर झालं. स्टाफरूममध्ये त्या शिरल्या की बोलणी थांबू लागली. ज्यांची नावं यादीत होती त्यांना घाई होती. बाईंच्या हट्टापायी आपलीही जागा जाईल, ही भीती होती. मागच्या रांगेत बसून हसलेली तीच माणसं. एकाने बाईंना विचारलं, की एका सहायकासाठी एकोणीस शिक्षकांना टांगणीला लावणं बरं दिसतं का. बाईंनी त्याच्या पिवळ्या वहीकडे पाहिलं आणि तासाला गेल्या.

मंडळाने शेवटी सोपा मार्ग काढला. बाईंना प्रभारीपदावरून काढायचं आणि होयबांना बसवायचं. ते सही करतील, ते तर चुकून आलेल्या जाहिरातीवरही सही करतात. होयबांना बोलावणं गेलं. आत काय झालं ते अध्यक्षांच्या लेखनिकेने नंतर सांगितलं. अध्यक्ष अर्धा तास बोलले आणि होयबा प्रत्येक वाक्याला, बरोबर आहे, म्हणाले. कॉलेजच्या भल्यासाठी आहे, बरोबर आहे. बाई आडमुठ्या आहेत, अगदी बरोबर आहे. तेव्हा तुम्ही उद्यापासून सूत्रं घ्या आणि सही करा, म्हटल्यावर होयबांना घाम फुटला. मुलांच्या पालकांनी उद्या दावा लावला तर सही कुणाची निघेल, असं त्यांनी विचारलं. तुमची, असं कळल्यावर त्यांनी पाठदुखीचं निमित्त सांगितलं, रजेचा अर्ज तिथेच टेबलावर लिहिला आणि तीन आठवडे घराबाहेर पडले नाहीत. दाव्याची गोष्ट कानावर गेल्यावर बाकीच्यांतलंही कुणी त्या खुर्चीत बसायला तयार होईना.

पुढे लोक म्हणू लागले, की होयबा बाईंच्या पाठीशी उभे राहिले. बाईंनी ही दंतकथा जिथे भेटेल तिथे मोडून काढली. तो माणूस कुणाच्याही पाठीशी उभा राहिला नाही, तो पलंगाखाली शिरला, एवढंच त्या म्हणत. तरीही त्या पाठदुखीवर सगळं पालटलं, हे त्यांना मान्य करावं लागे, आणि ते मान्य करताना त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा होई.

दोन आठवड्यांनी लेखी मसुदा आला. त्यात 'शक्यतो' हा शब्द तीन ठिकाणी होता. बाईंनी लाल शाईने तिन्ही खोडून मसुदा परत पाठवला. दुसऱ्या मसुद्यात शक्यतो जाऊन 'परिस्थितीनुसार' आलं. तेही परत गेलं. तिसऱ्यात दोन्ही अटी सरळ, क्रियापदासह लिहिलेल्या होत्या. बाईंनी सही केली.

त्या शेवटच्या वर्षाबद्दल काही गोड सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ज्या एकाहत्तर मुलांसाठी बाई भांडल्या, त्यांतली तेवीस पहिल्या महिन्यातच आपण होऊन मोठ्या कॉलेजात निघून गेली. तिथलं कँटीन चांगलं होतं आणि लिफ्ट चालायची. याच शिक्षकांकडे, हे बाईंनी क्रियापदासह लिहून घेतलं होतं, पण जाणाऱ्याला धरून कोण ठेवणार? तेरा शिक्षकांनी स्वतःहून बदली मागून घेतली आणि सहा राहिले. त्यांतले चौघे यासाठी, की घर जवळ पडायचं. होयबा तर रजेवरून थेट तिकडेच हजर झाले. बाकंसुद्धा हळूहळू नेली गेली. एका सकाळी बाई वर्गात आल्या तर मुलं खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसलेली. उरलेल्या अठ्ठेचाळीसांनी तास बुडवण्याचं प्रमाणही पूर्वीइतकंच ठेवलं. बाईंनी एका तासाला हे त्यांना ऐकवलं. तुमच्यासाठी मी गावाशी वैर घेतलं, असं कधी नव्हे ते म्हणून टाकलं. तेव्हा पहिल्या कट्ट्यावरची एक मुलगी शांतपणे म्हणाली, "बाई, आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं."

बाईंनी खडू खाली ठेवला. मग पुन्हा उचलला आणि मुळांची रचना शिकवू लागल्या. ती मुलगी पुढे वनस्पतिशास्त्रात पहिली आली, पण हेही सांगायला हवं, की वनस्पतिशास्त्राला नऊच जण होते.

सहा हजार रोपं मोठ्या कॉलेजला नको होती. त्यांनी प्रत्येकाचा एक फोटो काढून मूळ कागदांची 'विल्हेवाट' लावावी, असं सुचवलं. बाईंनी अकरा संस्थांना पत्रं घातली. नऊंकडून उत्तर आलं नाही, एकीने अभिनंदन केलं, आणि शहराबाहेरच्या एका वनसंशोधन केंद्राने सरळ कळवलं, की जागा आहे, पाठवा. मग रोज दुपारी तासांनंतर बाई आणि दादा ती कपाटं रिकामी करू लागले. दादा गठ्ठे काढत, बाई यादीवर खूण करत, दादा मध्ये पुठ्ठे घालून सुतळीने बांधत. दोघांत बोलणं फारसं नसे.

एका गठ्ठ्यात बाईंनी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आणलेलं एक नेचं निघालं. खाली त्यांच्याच ठसठशीत अक्षरात नाव. बाई पाहत राहिल्या. पानामागच्या ठिपक्यांच्या रांगा पाहिल्या, भिंग घेऊन पुन्हा पाहिल्या. नाव चुकलं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलानेही केली नसती अशी चूक, पंचवीस वर्षं कपाटात.

"दादा, हे चुकलंय."

"हो, बाई."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्यांदा गोळ्या बदलल्या तेव्हाच दिसलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

दादांनी सुतळीची गाठ मारली, टोक कापलं. "तुम्हाला कोण सांगणार, बाई?"

त्यात टोमणा नव्हता. दादांना टोमणा मारता येतच नसे. बाईंनी लाल पेन काढलं, स्वतःचं अक्षर खोडलं आणि वर बरोबर नाव लिहिलं. मग अशा आणखी चुका आहेत का, असं विचारलं. दादा जरा घुटमळले आणि म्हणाले, आहेत, सतरा. त्या दुपारी त्यांनी सतराच्या सतरा चुका शोधून काढल्या. दोन चुकांबद्दल बाईंनी वाद घातला आणि एकीत दादांना हरवलं.

निरोपाचा कार्यक्रम सिमेंटच्या चौकात झाला. सायकली हलवल्या होत्या. अध्यक्ष अखंड वारशाबद्दल बोलले. माजी प्राचार्य मंचावर होते, आणि या वास्तूत आपला जीव किती गुंतला होता ते सांगताना त्यांना गहिवरून आलं. खरोखरच आलं, डोळे पुसले त्यांनी. बाई ते अगदी जवळून बघत होत्या, एखादी नवी जात पाहावी तसं. त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. सगळे सावरून बसले. बाईंनी अठ्ठेचाळीस मुलांचा निकाल वाचून दाखवला, पंचेचाळीस पास, तीन नापास. नापास झालेल्यांनी फेरपरीक्षेचा अर्ज कुठे करायचा ते सांगितलं आणि खाली बसल्या. लोकांची निराशा झाली. मोठ्या कॉलेजच्या माणसाने किल्ल्यांचा जुडगा मागितला आणि कुठली कशाची, असं विचारलं. बाईंनाही निम्म्या ओळखता आल्या नाहीत.

दादा मोठ्या कॉलेजात वह्या-कागदांच्या भांडारात लागले. काम कोरडं आहे, पण खोलीही कोरडी आहे, कसर नाही, असं ते म्हणतात. होयबा तिथे समन्वयक झाले. कशाचं समन्वयन करतात, ते कुणाला माहीत नाही, पण खूश आहेत. बाईंना 'मानद मार्गदर्शक' होण्याचं पत्र आलं होतं. त्यांनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या, पण तपासून परत पाठवलं नाही. साधं, नको, म्हणून कळवलं आणि मुदतीआधी निवृत्ती घेतली.

पहिले तीन महिने त्या घरात असह्य झाल्या. भूमापक शेजाऱ्यांकडे जाऊन बसू लागले. सुट्टीत मुलगी आली, चार दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी तिने आपल्या कंपनीतलं काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून आईकडे पाहिलं. बाई कपडे घडी करत होत्या. पुढे सांग, एवढंच म्हणाल्या. पुढे जे आलं त्यात 'सुसूत्रीकरण' दोनदा होतं. बाईंनी टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घातली.

हल्ली त्या आठवड्यातून दोन दिवस त्या वनसंशोधन केंद्रात जातात, रोपांच्या नोंदी लावायला. एक तरुण संशोधिका त्यांच्या हाताखाली आहे, की त्या तिच्या हाताखाली, हे ठरलेलं नाही. पहिल्याच दिवशी त्या मुलीने नेच्यांचा अख्खा गठ्ठा गवतांच्या कपाटात लावला. बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्या दिवशी मात्र सगळं बोलून टाकलं, काही शिल्लक ठेवलं नाही. मुलगी तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी एक पान घेऊन आली आणि हे काय आहे, असं विचारलं. बाईंनी भिंग लावून पाहिलं, उलटसुलट केलं, आणि म्हणाल्या, की आपल्याला नक्की सांगता येत नाही, रविवारी दादांना विचारून येते.